पाणी दारणाचं, हिशोब पैठणचा: २०२३च्या विसर्गाचं प्रकरण आणि भूगोलातल्या मूळ कल्पना

३० ऑक्टोबर २०२३ ला गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचा आदेश निघाला, की नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पैठणच्या जायकवाडी धरणासाठी ८.६०३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचं. दुसऱ्या दिवशी नाशिकमध्ये जिकडे बघाल तिकडे एकच विषय, "आमचं पाणी चाललं". मोर्चे, निवेदनं, कोर्टकचेरी सगळं झालं, आणि शेवटी नोव्हेंबर संपता संपता पाणी सुटलं. मी नाशिकला एमपीएससीवाल्या मुलांना भूगोल शिकवतो. लोकेशन, प्रदेश, स्केल वगैरे कल्पना मुलांना व्याख्या म्हणून पाठ असतात आणि वापरायची वेळ आली की सगळे गप्प, म्हणून हेच एक प्रकरण मी दरवर्षी पूर्ण उलगडून घेतो. ते इथे सविस्तर लिहितोय. कोण बरोबर कोण चूक हा निकाल यात नाहीये. "पाणी कुणाचं" या एका प्रश्नाचं उत्तर आपण कुठली कल्पना हातात धरतो त्यावर बदलतं, ते कसं, एवढंच दाखवायचंय.

आधी नेमकं काय घडलं ते

कायदा असाय की महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा २००५, त्यातलं कलम १२(६)(ग), याच्या आधारे टंचाईच्या वर्षी एका खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांत तूट वाटून घ्यायची. यालाच पेपरात समन्यायी पाणीवाटप म्हणतात. हे प्रत्यक्षात कसं करायचं त्यासाठी मेंढेगिरी समिती बसली, तिचा अहवाल २०१३ चा, आणि त्यावर प्राधिकरणाचा आदेश आला सप्टेंबर २०१४ मध्ये. ढोबळ नियम असा, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर तक्ता बघायचा आणि वरच्या कुठल्या धरणसमूहातून किती सोडायचं ते ठरवायचं, खरिपात कुणी किती वापरलं तेही हिशोबात धरायचं. याला कोर्टात आव्हान दिलं गेलं पण सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कलम कायम ठेवलं.

२०२३ चा पावसाळा सगळ्यांना आठवत असेल, ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. ऑक्टोबरमध्ये जायकवाडी निम्मंसुद्धा नव्हतं. मग तक्ता लागू झाला, आणि वाटणी अशी निघाली: मुळा समूहातून २.१०, प्रवरा समूहातून ३.३६, गंगापूर समूहातून ०.५ आणि गोदावरी-दारणा समूहातून २.६४३ टीएमसी. बेरीज करून बघा, ८.६०३ येते. एक टीएमसी म्हणजे हजार दलघफू (दशलक्ष घनफूट), लिटरमध्ये साधारण २८३२ कोटी.

आता या आकड्यांकडे परत एकदा बघा. मुळा आणि प्रवरा मिळून ५.४६, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश पाणी मुख्यतः नगरच्या धरणांतलं. गंगापूर आणि दारणा मिळून ३.१४३. पालखेड समूहाच्या नावावर या यादीत काहीच नाही. तरी दिंडोरी-निफाडच्या पालखेड पट्ट्यातही राग तितकाच होता आणि नाशिकच्या चौकात तर बोललं असं जात होतं जणू अख्खे साडेआठ टीएमसी गंगापूर धरणातूनच निघालेत, ज्या गंगापूर धरणाची पूर्ण क्षमताच ५६३० दलघफू आहे, म्हणजे साडेपाचच्या थोडं वर! हे का होतं ते पुढे प्रदेशाच्या भागात येईल.

लोकेशन

निरपेक्ष स्थान सोपं आहे, नाशिक साधारण २० अंश उत्तर, ७३.८ अंश पूर्व, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. जायकवाडीचा जलाशय, म्हणजे नाथसागर, पूर्ण भरला की पाण्याची पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटर. एवढ्यावरून एवढंच कळतं की पाणी नाशिककडून पैठणकडे जाणार, उलटं नाही. परीक्षेत मुलं इथेच थांबतात.

खरी गंमत सापेक्ष स्थानात आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, आणि ही बाई तिकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. त्याच डोंगरातून वैतरणा निघते ती पश्चिमेला. म्हणजे त्र्यंबकच्या एका कड्याच्या या बाजूला पडलेला थेंब नाथसागरात आणि त्या बाजूला पडलेला थेंब मुंबईच्या नळात, कारण ऊर्ध्व वैतरणा धरण इगतपुरी तालुक्यात असलं तरी त्याचं पाणी मुंबई पिते. त्यावर नाशिकमध्ये पेपरात क्वचित दोन ओळी येतात पण जायकवाडीला अर्धा टीएमसी सोडला की दंगा. (मुंबईशी भांडायची सवय नाही आपल्याला.)

दुसरं म्हणजे पाऊस. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्र्यंबकला दोन हजाराच्या वर, नाशिक शहरात साधारण सातशे, आणि सिन्नर-निफाड-येवल्याकडे गेलात की पाचशेच्या आसपास. इगतपुरी ते सिन्नर गाडीने तासा-दीड तासाचं अंतर आहे. सह्याद्री ढग अडवतो आणि पलीकडे पर्जन्यछाया, हे आठवीच्या पुस्तकातलंच, पण इथे त्याचा अर्थ असा की गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातलं बहुतेक पाणी पश्चिमेकडच्या एका अरुंद पट्ट्यात पडतं, आणि त्या पट्ट्याच्या खाली असलेले सगळे, मग ते निफाडचे असोत की कोपरगावचे की पैठणचे, तिथूनच येणाऱ्या पाण्यावर बसलेत. त्या अर्थाने निफाड आणि पैठण एकाच बाजूला आहेत. २०१९ ला हे स्वच्छ दिसलं. मराठवाड्यात पावसाचा पत्ता नव्हता, चारा छावण्या होत्या, आणि ऑगस्टमध्ये नाथसागर नव्वद टक्क्यांच्या वर गेला, कारण इगतपुरी-त्र्यंबकला धो धो कोसळलं होतं आणि नाशिकमध्ये गोदेला मोठा पूर आला होता.

आणि ज्या पट्ट्यात हा पाऊस पडतो तिथल्या लोकांचं काय? इगतपुरी-त्र्यंबकच्या वाड्यापाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. ही मंडळी "पाणी कुणाचं" या भांडणात कुठल्याच बाजूने नसतात, त्यांना कुणी विचारतच नाही.

प्रदेश, आणि इथेच सगळी गडबड

भूगोलात प्रदेश म्हणजे आपण आखलेली रेघ. निसर्गात ती तयार नसते, आपण कुठला निकष घेतो त्यावर ती पडते. एक असतो औपचारिक प्रदेश, जिथे काहीतरी एक गोष्ट सगळीकडे सारखी असते, जसं प्रशासन किंवा पीक किंवा भाषा. दुसरा कार्यात्मक, जो एखाद्या केंद्राभोवती किंवा प्रवाहाभोवती जोडलेला असतो. तिसरा लोकांच्या मनातला, ज्याला नकाशावर नीट हद्द नसते पण लोक त्यासाठी रस्त्यावर उतरतात. या प्रकरणात तिन्ही एकमेकांवर चढलेत.

नाशिक जिल्हा हा औपचारिक प्रदेश. पण पाण्याच्या दृष्टीने नाशिक जिल्हा नावाची एक गोष्ट नाहीच. इगतपुरीचा पूर्व भाग, त्र्यंबक, दिंडोरी, निफाड, सिन्नर, येवला हे गोदावरी खोऱ्यात. कळवण, सटाणा, देवळा, मालेगाव गिरणेवर, म्हणजे तापी खोऱ्यात. सुरगाणा आणि पेठचं पाणी नार, पार, दमणगंगा यांच्यातून थेट अरबी समुद्राकडे. त्यामुळे जायकवाडीला पाणी सोडलं की मालेगावच्या शेतकऱ्याच्या विहिरीला काडीचा फरक पडत नाही, तरी सभेत तोही "नाशिकवर अन्याय" म्हणून टाळ्या वाजवतो. त्याचं खोटं नाहीये हं, तो मनातल्या प्रदेशाचा नागरिक म्हणून बोलतोय.

आता कार्यात्मक प्रदेश घ्या, धरण आणि त्याचं लाभक्षेत्र. दारणा धरण १९१६ चं, इंग्रजांच्या काळातलं, इगतपुरी तालुक्यात. त्याचं पाणी नदीतून खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर येतं आणि तिथून गोदावरीचा डावा आणि उजवा कालवा निघतो. हे कालवे नाशिकमधल्या काही गावांना पाणी देतात आणि पुढे कोपरगाव, राहाता करत थेट नगर जिल्ह्यातल्या उसात जातात. म्हणजे धरण नाशिकमध्ये, बुडीत क्षेत्रात गेलेल्या जमिनी नाशिकच्या, आणि पाण्याचा मोठा लाभार्थी नगरचा! त्यामुळे दारणातून जायकवाडीला विसर्ग म्हटला की सगळ्यात जास्त पोटात गोळा कोपरगाव-राहात्याला येतो. गंगापूरचं वेगळं, त्यावर नाशिक शहर पाणी पितं, त्यामुळे तिथला विरोध शहरी असतो, नळाचा, नगरसेवकांचा.

याहून गुंतागुंतीचं मुकणे. मुकणे, भावली, भाम, वाकी ही धरणं इगतपुरीकडची, पण नांदूरमध्यमेश्वर जलद कालव्यासाठी बांधली, आणि तो कालवा जातो वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांत, म्हणजे संभाजीनगर जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात. (गंगापूर धरण नाशिकला आणि गंगापूर तालुका तिकडे, दरवर्षी एक तरी मुलगा पेपरात घोळ घालतो.) मग वैजापूरचा शेतकरी मराठवाड्याचा की वरच्या खोऱ्याचा? जायकवाडीला पाणी सोडलं तर मराठवाड्याचा फायदा, पण जलद कालव्याच्या आवर्तनाला (ठराविक वेळी कालव्यात सोडायच्या पाण्याला) फटका बसला तर मराठवाड्यातल्याच वैजापूरचा तोटा. माझ्या बॅचला एकदा निफाडचा एक आणि वैजापूरची एक असे दोघे होते, वर्गात आधी जोरदार जुंपली आणि मग कालव्याचा नकाशा फळ्यावर काढल्यावर दोघांच्या लक्षात आलं की दोघेही नांदूरमध्यमेश्वरच्या खालीच बसलेत, एक थोडा अलीकडे एक थोडी पलीकडे. ती म्हणाली, "सर, मग मी कुणाच्या बाजूने बोलू?" मला काही उत्तर सुचलं नाही, मी म्हटलं नोट्समध्ये हाच प्रश्न लिहून ठेव.

आणि तिसरा, मनातला प्रदेश, त्यामागे इतिहास आहे. नाशिक आणि नगर मुंबई प्रांतात होते. वैजापूर, गंगापूर, पैठण निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ते १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालं आणि मराठवाडा १९५६ ला मुंबई राज्याला जोडला गेला. म्हणजे एकाच नदीच्या खोऱ्यातून दोन राज्यांची हद्द गेलेली होती. वरच्या बाजूला १९१६ मध्ये धरण झालं, कालवे फिरले, पुढे ऊस आला, कारखाने आले, आणि खालच्या बाजूला जायकवाडीची पायाभरणी व्हायला १९६५ उजाडलं, लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, आणि लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. पन्नास-साठ वर्षांचं हे अंतर दोन्हीकडच्या बोलण्यात आजही ऐकू येतं, इकडचे म्हणतात आमचा वापर आधीचा, तिकडचे म्हणतात आम्हाला उशिरा मिळालं म्हणून आमचा हक्क कमी होतो का. "मराठवाड्यावर अन्याय" आणि "नाशिकचं पाणी पळवलं" ही दोन्ही वाक्यं निजामाच्या त्या जुन्या सरहद्दीवर उभी आहेत, नदीच्या पाणलोटावर नाही.

म्हणून पालखेडवाला चिडला. तक्त्यात त्याचं शून्य होतं पण त्याने आखलेल्या प्रदेशात पाणी त्याचंच गेलं होतं.

स्केल

हेच पाणी, फक्त कॅमेरा मागे-पुढे करायचा. आंतरराज्य पातळीवर गोदावरीच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने ठरवलंय की पैठण धरणाच्या जागेपर्यंत गोदावरीचं सगळं पाणी महाराष्ट्राने वापरायचं. त्या स्केलवर नाशिक, नगर, पैठण सगळे एका पार्टीत, वाद महाराष्ट्र विरुद्ध खालची राज्यं असा. राज्याच्या स्केलवर आलात की नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा. आणखी जवळ आलात की नाशिक विरुद्ध नगर. त्याहून जवळ, शहर विरुद्ध शेती, पिण्याचं आरक्षण की आवर्तन. आणि एका चारीवर (शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावर) उभे राहिलात तर हेडचा, म्हणजे तोंडाजवळचा शेतकरी विरुद्ध टेलचा, म्हणजे शेवटचा शेतकरी, तिथे समन्यायी वगैरे शब्द कुणी काढत नाही, थेट फावडं काढतात.

माझं मत विचाराल तर हे प्रकरण चिघळत राहण्याचं मोठं कारण हेच की निर्णय होतो खोऱ्याच्या स्केलवर आणि मतं मागितली जातात तालुक्याच्या स्केलवर. उपखोऱ्याच्या पातळीवर सगळे वापरकर्ते एकत्र बसतील अशी जिवंत व्यवस्था मला तरी कुठे दिसत नाही, म्हणून दर दुष्काळी वर्षी थेट मंत्रालय नाहीतर कोर्ट.

स्केलची आणखी एक बाजू म्हणजे काळाची. नियम बघतो १५ ऑक्टोबर. शेतकरी बघतो आपली छाटणी. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षाची गोडी (फळासाठीची) छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि पुढचे तीन-चार महिने बागेला पाणी लागतंच लागतं, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उन्हाळ कांद्याच्या रोपांची धावपळ. आदेश आला तो नेमका या सगळ्याच्या मध्ये. त्यात २६ नोव्हेंबरला निफाड भागात गारपीट झाली, बागाच्या बागा झोडपल्या गेल्या. ज्या आठवड्यात आभाळातून गारा पडल्या त्याच सुमारास धरणातून पाणी खाली चाललेलं, आता अशा वेळी त्या माणसाला खोऱ्याचं स्केल समजावून बघा.

प्रवाह आणि अंतर

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या भूगोल शिक्षकांनी पाच सूत्रं मांडली, स्थान, जागा, माणूस आणि पर्यावरण यांचा संबंध, हालचाल, प्रदेश. त्यातली हालचाल आपल्याकडे शिकवताना स्थलांतर आणि वाहतूक एवढ्यावर उरकतात. इथे हलतंय ते पाणी, आणि अंतराचा नियम त्यालाही लागू. वाल्डो टॉबलर १९७० मध्ये म्हणाला त्याचा भावार्थ असा, की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो पण जवळच्याचा जवळच्याशी जास्त. धरणातून सोडलेलं आणि नाथसागरात पोचलेलं यात फरक पडतो तो यामुळेच. कोरड्या पात्रात पाणी मुरतं, वाफ होते, वाटेत डोह भरतात, आणि वाटेतली माणसंही तहानलेली असतात.

अशा विसर्गाच्या वेळी प्रशासन काय काय करतं ते बघण्यासारखं असतं. नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढून ठेवायच्या, नाहीतर पाणी तिथेच तुंबतं. नदीकाठच्या मोटारींची वीज ठराविक वेळ तोडायची. डोंगळे (चोरून पाणी ओढायचे पाइप) टाकून उपसा होऊ नये म्हणून पथकं फिरवायची, गरज पडली तर जमावबंदी. हे सगळं कशासाठी, तर अंतराने होणारी घट कमी करायला. ज्याच्या बांधाला लागून नदी वाहतेय त्याची मोटार बंद, आणि पाणी जिथे चाललंय ते गाव त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही. कागदावर हा फक्त वहनव्यय, म्हणजे वाटेतली घट आहे.

यावर नाशिकवाल्यांचा ठरलेला मुद्दा असतो, की एवढं वाया घालवण्यापेक्षा वरच वापरू द्या, आणि त्याला जोडून दुसरा, नाथसागर पसरट आणि उथळ, साडेतीनशे चौरस किलोमीटरचा पसारा, उन्हाळ्यात बाष्पीभवनच केवढं. मुद्दा चुकीचा नाही, आकडे खरेच मोठे आहेत. पण अंतरानुसार वाटायचं ठरवलं तर टेलला कायम शून्यच येणार, आणि हा न्याय निफाडचा माणूस आपल्या स्वतःच्या चारीवर कधी मान्य करेल का? तिथे तो टेलला असला तर तोच आधी ओरडेल. शिवाय नाथसागरावर संभाजीनगर, जालना यांचं पिण्याचं पाणी आहे, उद्योग आहेत, आणि डावा कालवा २०८ किलोमीटर जात परभणीपर्यंत पोचतो. म्हणजे पैठण हा शेवट नाहीच, तिथून पुढे परत हेड आणि टेल सुरू.

जागा

स्थान नकाशावर सांगता येतं, जागेला मात्र माणसाचा हात लागलेला असतो. जुन्या नाशिकची माणसं गोदेला गंगाच म्हणतात, "गंगेवर जाऊन येतो". पूर किती आला ते क्युसेकमध्ये सांगितलं तर कुणाला पटत नाही, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का, छातीला लागलं का, यावर कळतं. रामकुंडावर अस्थी विसर्जनाला देशभरातून लोक येतात, सिंहस्थात तर विचारूच नका. पात्रात पाणी दिसणं ही इथे श्रद्धेची गोष्ट आहे, त्यामुळे गंगापूर समूहातून गेलेला अर्धा टीएमसी आकड्याने सगळ्यात लहान असूनही सगळ्यात जास्त बोचतो.

आणि दुसऱ्या टोकाला पैठण. प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी, नाथांचं गाव, धरणाच्या पाण्यालाही नाथसागर नाव. तिथल्या माणसालाही गोदावरी तितकीच आपली आहे, उलट त्याच्या दृष्टीने नदी वर अडवून ठेवली गेलीय. आणि पैठणी आज सगळ्यात जास्त विणली जाते कुठे तर येवल्यात, नाशिक जिल्ह्यात! कला नदीच्या उलट दिशेने वर आली आणि त्यावर कुणी आंदोलन केलं नाही.

माणूस आणि निसर्ग

हा भाग थोडक्यात, कारण यावर सगळेच लिहितात. निसर्गवाद म्हणेल पर्जन्यछायेत बाजरी-मठ खा आणि गप्प बसा. संभववाद, जो फ्रान्सच्या व्हिदाल द ला ब्लाशशी जोडला जातो, तो म्हणेल निसर्ग पर्याय ठेवतो, निवड माणूस करतो. पाचशे मिलिमीटरच्या निफाडात द्राक्ष आणि कोपरगाव-राहात्यात ऊस, हा संभववादाचा झणझणीत नमुना. पण निवड एकदा केली की ती पुढच्याचे पर्याय कमी करते, हे संभववाद शिकवताना आपण सांगायला विसरतो. वर कालवा आला, बारमाही पीक आलं, कर्ज आलं, कारखान्याचे शेअर आले, आता पाणी कमी करा म्हटलं तर ते नुसतं पाणी राहत नाही. खालीही तेच, मराठवाड्यात जायकवाडीच्या भरवशावर ऊस लागलाच की. दोन्हीकडे एकमेकांच्या उसाकडे बोट दाखवतात आणि आपल्या उसावर बोलत नाहीत.

त्यातून निघालेली सगळ्यांची आवडती मागणी म्हणजे पश्चिमवाहिनी नद्यांचं पाणी पूर्वेकडे वळवा, म्हणजे वाटून घ्यायची गरजच नको. हिशोबाने ते आकर्षक वाटतं. पण पाणी उपसायला वीज लागते, बोगदे लागतात, जमिनी जातात, आणि त्या जमिनी परत त्याच सुरगाणा-पेठ-त्र्यंबकच्या.

पुढे काय झालं

२०२४ चा पाऊस चांगला झाला, सप्टेंबरमध्ये जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले, आणि समन्यायी हा शब्द पेपरातून गायब झाला. मेंढेगिरीच्या तक्त्याचा फेरविचार करायला प्राधिकरणाने मांदाडे समिती नेमली होती, तिने ६५ टक्क्यांची अट ५८ वर आणायची शिफारस केली. नाशिक-नगरला बरं वाटलं, मराठवाड्यात लगेच विरोध सुरू झाला. वरवर पाहिलं तर सात टक्के, किरकोळ वाटतात. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी आहे, त्याचे सात टक्के म्हणजे ५.३७ टीएमसी, जवळजवळ एक अख्खं गंगापूर धरण, आणि २०२३ मध्ये नाशिकच्या दोन समूहांनी मिळून सोडलेल्या पाण्यापेक्षा सव्वादोन टीएमसी जास्त. नवीन अटीत समजा परत २०२३ सारखा ऑगस्ट आला तर कुठल्या समूहाच्या वाट्याला किती येईल, ते या वर्षीच्या बॅचला मी कोष्टक करून आणायला सांगितलंय, वैजापूर वेगळ्या रकान्यात धरून.